क्लब तोच आहे का? विम्बल्डनचे दोन बेवारस हंगाम

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्या पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास समोर येतो. "तुम्ही ज्याचा अभ्यास करताय ते नक्की काय आहे?" प्रश्न अगदीच बाळबोध वाटतो. शीर्षकातच लिहिलंय की! मलाही तसंच वाटलं होतं.

मी घाटमाथ्यावरच्या पावसाच्या जुन्या नोंदींवर काम करतो. एका पर्जन्यमापक केंद्राची मोठी सलग मालिका मी आनंदाने तयार केली होती. मॅडमनी विचारलं, "हे केंद्र पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत एकच आहे, हे कशावरून?" मी म्हणालो, नाव एकच आहे. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ज्यांनी गाइडचं ते बघणं अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

त्या रात्री हॉस्टेलवर रूममेटपाशी रडगाणं गायलो. हा गडी इंग्लिश फुटबॉलचा वेडा. तो म्हणाला, "अरे, नाव तेच म्हणून वस्तू तीच का, यावर इंग्लंडमध्ये एका फुटबॉल क्लबवरून अख्खा निवाडा झालाय. वाच." मी वाचला. २८ मे २००२ चा, तीन सदस्यांच्या आयोगाचा, दोन विरुद्ध एक अशा मतांनी दिलेला. आज त्या निवाड्याच्या युक्तिवादाची चिकित्सा करायची आहे. तुम्हाला फुटबॉल आवडत नसेल तरी वाचा, कारण यात जी चूक आहे ती आपण सगळे करतो.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण लंडनच्या त्याच नैर्ऋत्य भागात १८८९ मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 'विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स' नावाचा फुटबॉल क्लब काढला होता. खेळायचे विम्बल्डन कॉमन नावाच्या मोकळ्या माळावर. १९०५ मध्ये नावातलं 'ओल्ड सेंट्रल्स' गळालं आणि नुसतं विम्बल्डन राहिलं. १९१२ पासून प्लाउ लेन हे त्यांचं मैदान झालं. तिथे हा क्लब एकूण ७९ वर्षं होता. त्यातली बहुतेक वर्षं हौशी आणि अर्धव्यावसायिक फुटबॉलमध्ये गेली. १९६३ मध्ये हौशी संघांचा एफए अमॅच्युअर कप जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात एडी रेनॉल्ड्सने चार गोल केले, चारही डोक्याने. १९७५ मध्ये एफए कपात त्यांनी पहिल्या विभागातल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि पुढच्या फेरीत तेव्हाच्या विजेत्या लीड्सला बरोबरीत रोखलं. डिकी गाय या गोलरक्षकाने पेनल्टी अडवली. फेरसामन्यात एका गोलने हरले. हे नाव लक्षात ठेवा, डिकी गाय. पुढे परत येणार आहे.

आता १९७७. हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि विम्बल्डनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ते एका वाक्यात उरकतात. तेव्हा खालच्या संघाला फुटबॉल लीगमध्ये आपोआप बढती नव्हती. लीगमधले क्लब मतदान करायचे: तळातल्या क्लबांना ठेवायचं की बाहेरच्या कुणाला घ्यायचं. सलग तीन वर्षं सदर्न लीग जिंकलेल्या विम्बल्डनला मतं मिळाली आणि वर्किंग्टन हा वायव्य इंग्लंडमधला क्लब बाहेर गेला. म्हणजे वर्किंग्टनची जागा विम्बल्डनला मिळाली. आता मला सांगा, त्या दिवशी विम्बल्डन 'वर्किंग्टन' झाला का? कुणीही असं म्हणणार नाही. वर्किंग्टन खालच्या स्तरावर खेळत राहिला, त्याचा इतिहास त्याच्यापाशी राहिला. लीगमधली जागा ही एक गोष्ट आणि क्लब ही दुसरी गोष्ट, हे तेव्हा सगळ्यांना इतकं उघड होतं की कुणी ते लिहूनही ठेवलं नाही. व्याख्या अशाच हरवतात. उघड असतात तोवर कुणी लिहीत नाही, आणि गरज पडते तेव्हा जो तो आपापली लिहितो.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगतो. लीगमध्ये आल्यापासून नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, विम्बल्डन पहिल्या विभागात पोचला. लांब पासचा, अंगावर येणारा, बघायला फारसा सुंदर नसलेला खेळ. ड्रेसिंग रूममधल्या खोड्यांमुळे 'क्रेझी गँग' हे टोपणनाव पडलं. १४ मे १९८८ ला वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला १-० असं हरवलं. गोल लॉरी सांचेझचा, आणि जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बेझंटने अडवली. वेम्बलीच्या कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिली वेळ. या सामन्यावर भरपूर लिहिलं, दाखवलं गेलंय. माझी तक्रार अशी, की क्लबची ओळख म्हणजे 'क्रेझी गँग' हे समीकरण या एका दुपारीतून तयार झालं आणि त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं प्रस्तावनेत ढकलली गेली. एका टोकाच्या नोंदीवरून सरासरी काढण्याचाच हा प्रकार. शिवाय त्या ओळखीचं मैदानाशी, गावाशी काही नातं नाही. ती खेळाडूंची ओळख आहे, आणि खेळाडू काय, कुठेही नेता येतात.

यश मिळालं आणि त्या यशानेच मैदान गेलं. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर वरच्या विभागातल्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्च्या हव्यात असं ठरलं. प्लाउ लेन जुनं, अडचणीतलं. १९९१ मध्ये क्लब तिथून निघाला आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरता. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांच्या तात्पुरत्या जागा जशा असतात तसा. प्लाउ लेनची जागा पुढे विकली गेली, आणि आज तिथे निवासी इमारती आहेत. १४ मे २००० ला, कप जिंकल्याला बरोबर बारा वर्षं होत असताना, संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. (तारखांचे असे योगायोग दिसले की शोधनिबंधात घालायचा मोह होतो. घालू नका. त्यातून काही सिद्ध होत नाही.)

ऑगस्ट २००१ मध्ये क्लबने जाहीर केलं की आम्ही मिल्टन कीन्सला जाणार. मिल्टन कीन्स म्हणजे १९६७ मध्ये नव्याने आखलेलं शहर, विम्बल्डनपासून साधारण ९० किलोमीटर उत्तरेला. तिथे लीगमध्ये खेळणारा क्लब नव्हता आणि शहराला तो हवा होता. फुटबॉल लीगने नकार दिला. क्लब लवादाकडे गेला, निर्णय नीट प्रक्रियेने घेतला नाही असं ठरलं, आणि शेवटी एफएने नेमलेल्या त्या तीन सदस्यांच्या आयोगापुढे प्रकरण आलं.

आयोगाचा युक्तिवाद थोडक्यात असा. क्लब तोट्यात बुडतोय. दक्षिण लंडनमध्ये परवडेल अशी जागा मिळत नाही. स्थलांतर नाकारलं तर क्लब मरेल. मर्टन या त्यांच्या मूळ भागाशी क्लबचं नातं आहे खरं, पण त्याची मुळं इतकी खोल नाहीत की जगण्यासाठी करावं लागणारं पुनर्रोपण त्यांना सोसणार नाही. आणि क्लब बुडू द्यावा, मग राखेतून 'विम्बल्डन टाउन' किंवा तशाच काही नावाने पुन्हा तळापासून सुरू करू, असं ज्या चाहत्यांना वाटतं त्यांचा मार्ग फुटबॉलच्या व्यापक हिताचा नाही.

आधी या अहवालाच्या बाजूने बोलतो. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि इंटरनेटवर ते रोज होतं. अहवाल बारकाईने लिहिलेला आहे. क्लबांनी आपलं गाव टाकून सोयीच्या बाजारपेठेत उडी मारावी असं आम्हाला मुळीच वाटत नाही, ही परिस्थिती अपवादात्मक आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि मुळं फार खोल नाहीत या म्हणण्याला आधारच नव्हता असंही नाही. २६ जानेवारी १९९३ ला सेलहर्स्ट पार्कवर विम्बल्डन विरुद्ध एव्हर्टन या सामन्याला ३,०३९ प्रेक्षक होते. प्रीमियर लीगच्या तोवरच्या इतिहासातली ती नीचांकी उपस्थिती. हा आकडा समोर ठेवून 'या क्लबला गाव आहे' असं म्हणणं अवघड होतं.

पण ३,०३९ हा आकडा नक्की कशाचा आहे? तो विम्बल्डनमध्ये मोजलेला नाही. तो जानेवारीतल्या मंगळवारच्या रात्री, दुसऱ्याच क्लबच्या मैदानावर, आपल्या भागापासून दूर मोजलेला आहे. रोपटं आधीच उपटून दुसऱ्याच्या कुंडीत दहा वर्षं ठेवलं होतं. मग मुळं बघितली आणि म्हणाले, फार वाढलेली दिसत नाहीत. मापन जिथे केलं त्या जागेचाच दोष मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच्या माथी मारला. हे वाचताना मला माझी तालिका आठवली आणि पोटात गोळा आला.

दुसरा, मोठा दोष. 'क्लब जगला पाहिजे' हे वाक्य अहवालाचा कणा आहे. पण जगलं काय तर क्लब जगला असं म्हणायचं? हे कुठेही आधी ठरवलेलं नाही. युक्तिवाद जसा चालतो त्यावरून दिसतं, की त्यांच्या मनात क्लब म्हणजे कंपनी: जिच्याकडे लीगचं सदस्यत्व आहे, खेळाडूंचे करार आहेत, कर्ज आहे. ही व्याख्या चूकच आहे असं मी म्हणत नाही. कायद्याला काहीतरी धरावं लागतंच. पण मग मुळांची, समाजाशी असलेल्या नात्याची चर्चा करायची गरज काय होती? कंपनीला मुळं नसतात, नोंदणीकृत पत्ता असतो. अहवालात प्रश्न एका व्याख्येने विचारलाय आणि उत्तर दुसऱ्या व्याख्येने दिलंय. मुळं जगतील का, हा प्रश्न आणि कंपनी जगेल, हे उत्तर. शब्द मात्र दोन्हीकडे 'क्लब'.

आणि १९७७ आठवा. लीगमधली जागा म्हणजेच क्लब असं धरलं तर विम्बल्डन हा मुळात वर्किंग्टनच ठरतो. अर्थात ही तुलना पूर्ण बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९७७ मध्ये जागा एका क्लबकडून दुसऱ्या वेगळ्या क्लबकडे मतदानाने गेली. २००२ च्या प्रकरणात जागेबरोबर खेळाडू, करार, कर्मचारी सगळं जाणार होतं. तरी एवढं नक्की, की जागा टिकली म्हणजे क्लब टिकला असं आपोआप होत नाही.

पुनर्रोपणाच्या रूपकात एक चांगली गोष्ट मात्र आहे. ते तपासता येतं. मुळं हलवली तर जगतील, हे एक भाकीत आहे. मग बघू या काय झालं.

निकाल लागला आणि दोन दिवसांत चाहत्यांनी नवा क्लब काढायचं ठरवलं: एएफसी विम्बल्डन. २९ जून २००२ ला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे १८८९ मध्ये जिथे सुरुवात झाली त्याच माळावर, खेळाडूंची खुली निवड चाचणी ठेवली. दोनशेच्या वर मुलं आली. १० जुलैला सटन युनायटेडशी पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. चार गोलांनी हरले, पण बघायला साडेचार हजारांच्या वर माणसं होती. मग कम्बाइन्ड काउंटीज लीग नावाच्या, खूप खालच्या स्तरावरच्या स्थानिक लीगमध्ये सुरुवात. जुन्या क्लबचा तो डिकी गाय पुढे या क्लबचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात ते लीगचे सलग ७८ सामने हरले नाहीत. इंग्लंडमधल्या वरिष्ठ फुटबॉलमधला हा विक्रम आहे. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून, २१ मे २०११ ला लूटन टाउनला पेनल्टींवर हरवून, ते फुटबॉल लीगमध्ये आले. 'राखेतून पुन्हा सुरू करणं' हा जो मार्ग आयोगाने अव्हेरला होता, नेमका तोच.

इकडे विम्बल्डन एफसी, म्हणजे कंपनी, काय करत होती? मिल्टन कीन्सला मैदान तयार नव्हतं, म्हणून २००२-०३ चा हंगाम ते सेलहर्स्ट पार्कवरच खेळले. चाहत्यांनी बहिष्कार टाकला होता. एका लीग सामन्याला हजारसुद्धा प्रेक्षक नव्हते. त्या हंगामात कम्बाइन्ड काउंटीजमधल्या एएफसी विम्बल्डनची सरासरी उपस्थिती ३,००० च्या आसपास होती, दुसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या विम्बल्डन एफसीपेक्षा जास्त. जून २००३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. सप्टेंबर २००३ मध्ये संघ मिल्टन कीन्सला हलला, तिथल्या हॉकी स्टेडियममध्ये. हंगामाअखेर तळाला राहून तिसऱ्या स्तरावर घसरला. २००४ मध्ये मिल्टन कीन्सच्या गटाने नव्या कंपनीमार्फत सगळं विकत घेतलं आणि नाव 'मिल्टन कीन्स डॉन्स' केलं. नवं नाव, नवं चिन्ह. २००६ मध्ये चाहत्यांच्या संघटनांच्या मध्यस्थीने तडजोड झाली: एमके डॉन्सने विम्बल्डनच्या इतिहासावरचा दावा सोडला, आणि २००७ मध्ये कपाच्या प्रतिकृती वगैरे ठेवा मर्टनच्या नगर परिषदेकडे गेला.

म्हणजे भाकीत त्यांच्याच व्याख्येने तपासलं तरी टिकलं नाही. दोन वर्षांत जुनी कंपनी गेली, नाव गेलं, आणि चार-पाच वर्षांत नव्या क्लबने स्वतःच सांगितलं की आम्ही ते नव्हे.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. चाहत्यांच्या बाजूने लिहिणारे बरेच जण इथेच थांबतात, आणि माझी खरी कुरकुर तिथे आहे. कारण एएफसी विम्बल्डनचा दावाही तपासायला हवा. ते स्वतःला १८८९ च्या क्लबचंच पुढचं रूप मानतात. कशाच्या आधारावर? कायदेशीर सातत्य शून्य. खेळाडू एकही आला नाही. मैदान तर दोघांकडेही नव्हतं. एएफसी विम्बल्डनही किंग्स्टनच्या किंग्समेडो मैदानावर खेळत होता. नाव? २००२ ते २००४ या काळात 'विम्बल्डन' नावाचे दोन क्लब एकाच वेळी, दोन ठिकाणी खेळत होते, आणि त्यातल्या जुन्या नोंदणीच्या क्लबचं नाव विम्बल्डनच होतं. उपस्थितीचा पुरावा मी वर दिला, पण तोही निखळ नाही. त्यात बहिष्काराचा परिणाम मिसळलाय, नव्या गोष्टीचं कुतूहल मिसळलंय. लोक कुठे गेले हे आकडा सांगतो. ते गेले म्हणून क्लब तिकडे गेला, ही पायरी आपण आपल्या मनाने चढतो.

'जागा' हा निकषही एकट्याने चालत नाही. आर्सेनल १९१३ मध्ये थेम्सच्या दक्षिणेकडून उचलून उत्तर लंडनमध्ये हायबरीला गेला. आज कुणी म्हणत नाही की तो आर्सेनल वेगळा. नाव घ्या, तर न्यूटन हीथ १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला आणि इतिहास सलगच मोजला जातो. मग विम्बल्डनमध्येच एवढं का अडलं? माझं मत सांगतो. आर्सेनल गेला तेव्हा मागे उरलेल्या लोकांनी दुसरा क्लब काढून 'आर्सेनल आम्ही' असं म्हटलं नाही. एका वेळी दावेदार एकच असेल तर सातत्य फुकट मिळतं. दावेदार दोन झाले, की तुमची व्याख्या किती कच्ची होती ते त्या दिवशी कळतं. व्याख्या आधीपासूनच कच्ची असते, फक्त तोवर कुणी तिच्यावर वजन टाकलेलं नसतं.

एएफसी विम्बल्डन नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनवर परतला, कोविडमुळे रिकाम्या मैदानात. पण हे ते प्लाउ लेन नव्हे. जुन्या मैदानापासून दोन-अडीचशे मीटरवर, पूर्वीच्या ग्रेहाउंड शर्यतींच्या स्टेडियमच्या जागी, सुमारे ९,००० क्षमतेचं नवं मैदान आहे. तरी 'घरी परतलो' म्हणताना कुणाला खोटं वाटलं नाही, आणि मलाही ते खोटं वाटत नाही. अडीचशे मीटर चालतात, नव्वद किलोमीटर चालत नाहीत, दहा किलोमीटरचं काय ते सांगता येत नाही. सीमा कुठेतरी आहे, ती तुम्हाला कारण देऊन आखावी लागते.

आणि मिल्टन कीन्सच्या माणसाचं काय? २०१४ च्या ऑगस्टमध्ये एमके डॉन्सने मँचेस्टर युनायटेडला ४-० ने हरवलं, तेव्हा त्या स्टेडियममधलं दहा वर्षांचं पोर कुणाचा क्लब चोरून आनंदत नव्हतं. त्याच्यासाठी तो पहिल्यापासूनच त्याचा क्लब होता. जन्म कसा झाला यावरून पुढची सगळी ओळख खोटी ठरवणं मला पटत नाही. एएफसी विम्बल्डनने एकदा या प्रतिस्पर्ध्याच्या नावातला 'डॉन्स' शब्द छापायचंच टाळलं आणि लीगने त्यांच्यावर आरोप ठेवले, पुढे मध्यस्थीने ते मिटलं. राग समजतो. पण समोरच्याचं नाव न छापणं हा पुरावा नव्हे.

आता मूळ मुद्दा. एएफसी विम्बल्डन म्हणतो, इतिहास १८८९ ते २००२ आणि पुढे आम्ही. एमके डॉन्स म्हणतो, आमची सुरुवात २००४. मग २००२-०३ आणि २००३-०४ हे विम्बल्डन एफसीचे दोन हंगाम कुणाचे? कुणाचेच नाहीत. दोन्ही क्लबांनी आपापली रेघ अशी आखली, की मधली दोन वर्षं दोघांच्याही बाहेर पडली. आणि त्या दोन वर्षांत काही घडलं नाही असं नाही. २००२-०३ मध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर, उद्या पगार होईल की नाही माहीत नसताना, तो संघ दुसऱ्या स्तरावर दहावा आला. तरुण पोरं होती त्यात, नायजेल रिओ-कोकर, जोबी मॅकअनफ, पुढे वरच्या फुटबॉलमध्ये नाव काढलेली. त्यांनी मारलेले गोल तालिकांमध्ये आहेत, पण कुठल्याच क्लबच्या घरात टांगलेले नाहीत.

मला आधी वाटलं, ही गोष्टीतली एक वाईट वाटण्यासारखी बाजू आहे, बस. मग लक्षात आलं की सगळ्यात मोलाची माहिती याच दोन वर्षांत आहे. दोन्ही विम्बल्डन एकाच वेळी अस्तित्वात होते असा काळ फक्त हाच. आयोगाचं म्हणणं खरं की चाहत्यांचं, हे तपासायचं तर तुलना इथेच करता येते: त्याच वर्षी, त्याच भागात, लोकांपुढे दोन्ही पर्याय खुले असताना. वर उपस्थितीचे जे आकडे दिले ते याच काळातले आहेत. अवघड जाते म्हणून दोन्ही बाजूंनी टाकून दिलेली नोंद, आणि निकालासाठी कामाची तीच.

माझ्या केंद्राचं सांगतो आणि थांबतो. कपाटातली जुनी रजिस्टरं काढली तेव्हा कळलं, की पर्जन्यमापक एकदा हलवला होता. जुन्या कचेरीच्या आवारातून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत, काही किलोमीटर घाटाच्या कडेकडे. आमच्याकडे एवढ्या अंतरात पाऊस किती बदलतो ते पावसाळ्यात घाट उतरलेल्या कुणालाही विचारा. नाव मात्र तेच ठेवलं. आणि दोन पावसाळे दोन्ही मापकं एकदम चालू होती. एकाच दिवसाचे, एकाच नावाचे दोन वेगळे आकडे. ती दोन वर्षं मी 'नोंदीत गोंधळ' असा शेरा मारून पहिल्याच महिन्यात तालिकेतून काढून टाकली होती.

ती परत आत घेतली आहेत. जून ते सप्टेंबर, रोजचा आकडा, दोन रकाने शेजारी शेजारी. जुलैत दोन मापकांमधला फरक सगळ्यात मोठा येतोय, सप्टेंबरमध्ये जवळजवळ नाही, म्हणजे एकाच गुणकाने मालिका जोडता येणार नाही हे नक्की झालं. सिनॉप्सिसमध्ये केंद्राचं नाव आता दोनदा येतं, पुढे १ आणि २ असे आकडे घालून. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "१ कुठे संपतं?" त्याचं उत्तर अजून लिहितोय.